गर्भिणी अपस्माररुग्णा आणि तिच्या गोळ्या

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शिरपूर जैन येथील आमच्या चिकित्सालयात जवळच्या खेड्यातील एक नवविवाहिता सासूबाईंबरोबर आली. तिसरा महिना चालू होता. उलट्या थांबत नाहीत, अन्न पोटात राहत नाही, ही तक्रार. नाडी व रक्तदाब पाहून आम्ही औषध लिहून दिले. सासूबाई औषध घेण्यासाठी बाहेर गेल्या, तशी मुलीने पदराआडून एक कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत नाव फाडून टाकलेल्या पट्टीतील चार गोळ्या होत्या. "डॉक्टरसाहेब, ह्या मिरगीच्या गोळ्या आहेत. सासरी कोणालेच माहीत नाही. शेजारीन म्हणते, पोटातल्या लेकराले बाधतीन. बंद करू काय?"

तिच्या माहेरी भावास दूरध्वनी करून जुना कागद वाचून घेतला, तेव्हा त्या गोळ्या व्हॅल्प्रोएटच्या, ५०० मि.ग्रॅ.च्या, दिवसातून दोन अशा असल्याचे कळले. प्रश्न तिने सरळ विचारला होता. उत्तर तितके सरळ नव्हते. ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला आणि प्रत्येक औषधविक्रेत्याला हा प्रश्न केव्हा ना केव्हा विचारला जातो, आणि तो बहुधा असाच चोरून विचारला जातो. म्हणून ह्या विषयाची थोडी सविस्तर मांडणी करावी असे वाटले.

प्रथम चोरून विचारण्याविषयी. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहास बाधक दोष म्हणून घालण्यात आला. विशेष विवाह कायद्यातही तसेच झाले. १९७० साली मुंबईत डॉ. ई. पी. भरुचा आदींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने ह्याविरुद्ध दाद मागितली आणि १९९९ च्या दुरुस्तीने अपस्माराचा उल्लेख दोन्ही कायद्यांतून वगळला गेला. म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ अपस्मार हे विवाह नाकारण्याचे कायदेशीर कारण राहिलेले नाही. आमच्या भागातील सोयरिकी जुळवणाऱ्यांना मात्र ही वार्ता अद्याप पोचलेली दिसत नाही. मुलगी गोळ्या लपवून सासरी येते, लपवून घेते, संपल्या की पुढच्या सणाला माहेरी जाईपर्यंत तशीच राहते. गर्भधारणेपूर्वी औषध बदलण्याची जी उत्तम वेळ असते, ती ह्या लपवाछपवीत निघून जाते.

बंद करण्यातील धोका

"पोटात बाळ आहे, तेव्हा सर्व गोळ्या बंद" हे वाक्य ऐकणाऱ्यास धीर देते. अपस्माराच्या बाबतीत मात्र ते घातक आहे. औषध एकाएकी थांबवले की झटके पूर्वीपेक्षा जोराने उलटतात. कधी एकामागून एक झटके येऊन रुग्णा शुद्धीवरच येत नाही. सर्वांगाच्या मोठ्या झटक्यात गर्भिणी पडते, पोटास मार बसतो, प्राणवायू कमी पडतो, आणि झोपेतील झटक्याने अकस्मात मृत्यूही येऊ शकतो. अमेरिकेतील प्रसूतीच्या नोंदींच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपस्मार असलेल्या गर्भिणींचे मृत्यूप्रमाण इतर गर्भिणींच्या दसपटीहून अधिक आढळले. एकंदर संख्या अल्प असली तरी हा फरक दुर्लक्षण्याजोगा नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण घाबरवून सोडणे ही चिकित्सा नव्हे. अपस्मार असलेल्या दहांतील नऊहून अधिक माता निरोगी बालकांना जन्म देतात. गर्भारपणात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांना एकही झटका येत नाही. आणि गर्भधारणेपूर्वीचे नऊ महिने झटक्यावाचून गेले असतील, तर गर्भारपणही तसेच जाण्याची शक्यता ८४ ते ९२ टक्के असते. अर्थात औषध चालू असेल तर.

कोणते औषध, किती मात्रा

"फिटच्या गोळ्या" हा एक शब्द आपण सर्व औषधांना लावतो. गर्भाच्या दृष्टीने मात्र त्यांत फार अंतर आहे. अनेक देशांतील गर्भिणींच्या नोंदी एकत्र करणाऱ्या युरॅप ह्या नोंदवहीने २०१८ साली ७,३५५ गर्भारपणांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकीला एकच औषध चालू होते. बाळात मोठे जन्मजात व्यंग आढळण्याचे प्रमाण व्हॅल्प्रोएटवर १०.३ टक्के, फेनोबार्बिटोनवर ६.५, फेनिटॉइनवर ६.४, कार्बामाझेपिनवर ५.५, टोपिरामेटवर ३.९, ऑक्सकार्बाझेपिनवर ३, लॅमोट्रिजिनवर २.९ आणि लेव्हेटिरासिटामवर २.८ टक्के होते. कोणतेही औषध न घेणाऱ्या सर्वसाधारण मातांतही हे प्रमाण दोन ते तीन टक्के असतेच. म्हणजे शेवटची दोन औषधे जवळजवळ सामान्य पातळीवर आहेत आणि पहिले त्याच्या तिपटी-चौपटीवर.

व्हॅल्प्रोएटमध्ये मात्रेचा हिशेब स्पष्ट दिसतो. दिवसाला ६५० मि.ग्रॅ.पर्यंत ६.३ टक्के, त्यापुढे १४५० पर्यंत ११.३ आणि १४५० वा अधिक असल्यास २५.२ टक्के, म्हणजे चार गर्भांत एक. पाठीच्या कण्याचा दुभंग, हृदयाचे दोष, ओठ व टाळू दुभंगणे, मूत्रमार्गाची व हातपायांची व्यंगे असे त्याचे स्वरूप असते. कण्याच्या दुभंगाशी ह्या औषधाचा संबंध फ्रान्समधील लियाँ येथे १९८२ साली प्रथम लक्षात आला. औषध तेव्हा पंधरा वर्षे बाजारात होते.

डोळ्यांना दिसणाऱ्या व्यंगापेक्षाही चिंतेची बाब पुढची आहे. बाळ सर्वांगपूर्ण जन्मते, घरात पेढे वाटले जातात, आणि तीन वर्षांनी लक्षात येते की ते बोलत नाही. व्हॅल्प्रोएटच्या संपर्कात आलेल्या मुलांपैकी ३० ते ४० टक्के मुलांत बोलणे, चालणे, शिकणे, लक्ष देणे ह्यांपैकी कशात तरी विकासाचा दोष आढळतो. स्वमग्नतेचे प्रमाणही वाढते. अमेरिका व ब्रिटनमधील एका अभ्यासात अशी मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांचा बुद्ध्यंक मोजला, त्याचे निष्कर्ष २०१३ साली आले. मातेला फेनिटॉइन वा लॅमोट्रिजिन चालू असलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक १०८, कार्बामाझेपिनचा १०५ आणि व्हॅल्प्रोएटचा ९७ होता. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. संजीव थॉमस ह्यांनी १९९८ पासून केरळची गर्भिणी-अपस्मार नोंदवही चालवली. तेथील तान्ह्या बालकांच्या विकासाच्या पाहणीतही व्हॅल्प्रोएट आणि एकाहून अधिक औषधांचे मिश्रण ह्यांची बाजू उणीच निघाली. वऱ्हाडात अशी नोंदवही असती तर आपल्या मुलीबाळींविषयी आपण अधिक अधिकाराने बोलू शकलो असतो. असो.

ह्या पुराव्यामुळे ब्रिटनने २०१८ साली गर्भप्रतिबंधाची खात्री असल्यावाचून स्त्रियांना व्हॅल्प्रोएट देणे बंद केले, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रजननक्षम वयातील मुलींना व स्त्रियांना ते देऊ नये अशी शिफारस केली. टोपिरामेटवरही ब्रिटनने २०२४ मध्ये तसेच निर्बंध घातले. त्याने बाळाचे वजन कमी भरते, ओठ दुभंगण्याचा धोका वाढतो, आणि मुलांच्या बौद्धिक विकासाविषयी नवे पुरावे काळजी वाढवणारे आहेत.

औषधविक्रेत्या बंधूंनी येथे एक क्षण थांबावे. व्हॅल्प्रोएट नाव बदलून आपल्या फडताळात अनेक ठिकाणी बसलेले आहे. एन्कोरेट, व्हालपरिन, एपिलेक्स ही सर्व तेच. डायव्हॅलप्रोएक्स ह्या नावाने येणारे औषधही त्याच कुळातील. अर्धशिशीसाठी, मनाच्या चढउतारांच्या विकारासाठीही ते लिहिले जाते. तेव्हा अठरा-वीस वर्षांच्या मुलीच्या कागदावर ते डोकेदुखीपायी आलेले असू शकते आणि तिला स्वतःला अपस्मार नसल्याने "मिरगीची गोळी" हा विचार कोणाच्याच मनात येत नाही. कागद दोन वर्षे जुना, आणि प्रत्येक महिन्याला त्याच कागदावर पट्टी दिली जाते. अशा वेळी "विवाह ठरला आहे काय, तज्ज्ञांना अलीकडे दाखवले काय" एवढे विचारण्यास अर्धा मिनिट लागतो. गोळी देणे एकदम थांबवू नये, हे मात्र ध्यानात असावे. अपस्मारासाठी घेणाऱ्या रुग्णेस दुकानातून रिकाम्या हाती परत पाठवणे हे बंद करण्यासारखेच आहे.

पाळी चुकल्यावर उशीर झालेला असतो

चरकाचार्यांनी शारीरस्थानात गर्भाची मासानुमासिक वाढ सांगितली आहे. पहिल्या महिन्यात अव्यक्त स्वरूप, दुसऱ्यात घन, आणि तिसऱ्यात सर्व इंद्रिये व अंगावयव एकाच वेळी व्यक्त होतात. आधुनिक गर्भविज्ञानाचे कोष्टक ह्याहून अधिक तपशिलाचे आहे, आणि दोहोंची ओढूनताणून सांगड घालण्याचे प्रयोजन नाही. चिकित्सकाने घ्यावयाचा बोध मात्र एकच निघतो, की घडण फार लवकर होते. ज्या मज्जानलिकेपासून मेंदू व मज्जारज्जू बनतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, आठ-दहा दिवस वाट पाहिली, मग तपासणी केली, तोवर ते दिवस सरलेले असतात. आमच्याकडे आलेली मुलगी तिसऱ्या महिन्यात होती. कण्याचा जो निर्णय व्हायचा तो झालेला होता. मेंदूची वाढ मात्र नऊही महिने चालते, म्हणून तेव्हाही तज्ज्ञाकडे जाण्यास अर्थ होता.

खरे काम विवाहापूर्वी किंवा निदान पाळणा हलण्याची इच्छा होण्यापूर्वी करावयाचे आहे. मेंदुविकारतज्ज्ञाने झटक्यांचा प्रकार पाहून व्हॅल्प्रोएटऐवजी दुसरे औषध बसवणे, शक्यतो एकच औषध ठेवणे, झटके आटोक्यात राहतील अशी किमान मात्रा शोधणे, ह्याला महिने लागतात. लॅमोट्रिजिन तर अंगुळ-अंगुळ चढवावे लागते. घाई केल्यास अंगावर घातक पुरळ उठते, आणि व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर त्याचे रक्तातील प्रमाण दुपटीने वाढते. हे काम आपले नव्हे. आपल्यापैकी अनेकजण कायद्याच्या मर्यादेत आधुनिक औषधे लिहितात, तरीही अपस्माराचे औषध बदलणे हे त्या मर्यादेबाहेरचे मानावे असे आमचे स्पष्ट मत आहे. काही स्त्रियांचे झटके व्हॅल्प्रोएटवाचून थांबतच नाहीत, हेही तज्ज्ञालाच ठरवता येते. आपले काम मुलीला वेळेवर तेथवर पोचवण्याचे. आमच्या भागातून त्यासाठी बहुधा अकोला गाठावे लागते, एक दिवसाची मजुरी बुडते. पत्र लिहून द्यावे, त्यात औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटच्या झटक्याची तारीख असावी.

बदल होईपर्यंत गर्भधारणा पुढे ढकलायची तर साधन कोणते? येथे एक मोठी गफलत होते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटोन यकृतातील पाचक विकरे वाढवतात आणि त्यामुळे माला-एनसारख्या गोळ्या निष्प्रभ ठरू शकतात. गोळी नियमित घेऊनही दिवस राहिले, अशी तक्रार आल्यास रुग्णेवर अविश्वास दाखवू नये. लॅमोट्रिजिनचे उलटे आहे. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे त्याचेच प्रमाण घटते व झटके येतात. अशांना तांबी हे साधन बरे.

फॉलिक आम्लाविषयी. शासकीय लोहगोळीत ते अर्धा मि.ग्रॅ. असते. अपस्माराची औषधे घेणाऱ्या स्त्रीस गर्भधारणेच्या आधीपासून रोज ५ मि.ग्रॅ. देण्याची प्रथा आहे, आणि ती गोळी कोणत्याही दुकानात अल्प किमतीत मिळते. वर सांगितलेल्या सहा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात, ज्या मातांनी गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक आम्ल घेतले त्यांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक १०८ आणि न घेणाऱ्यांच्या मुलांचा १०१ होता. फेनिटॉइनवर असलेल्या रुग्णेत त्याने औषधाचे प्रमाण किंचित घटू शकते, म्हणून तज्ज्ञास कळवावे.

आपल्या औषधांविषयी

आता आपल्या घरातील गोष्ट. अपस्माराची चिकित्सा चरकाने तीक्ष्ण शोधनाने सांगितली आहे: वातज असल्यास बस्तिप्रधान, पित्तज असल्यास विरेचनप्रधान, कफज असल्यास वमनप्रधान. जोडीला तीक्ष्ण नस्य, अंजन, धूम. त्याच चरकाने गर्भिणीच्या व्याधींवर मृदू, मधुर, शीत, सुकुमार उपचार करावेत. वमन, विरेचन, शिरोविरेचन, रक्तमोक्षण करू नये, असे बजावले आहे. काठोकाठ भरलेले तेलाचे भांडे न हिंदकळता न्यावे तसे तिला सांभाळावे, हा त्याचा दृष्टांत सर्वांना पाठ आहे. म्हणजे अपस्माराची मुख्य चिकित्सा आणि गर्भिणीची परिचर्या शास्त्रातच एकमेकींच्या आड येतात, आणि तेथे गर्भिणीचा नियम वरचढ धरावा लागतो. गर्भिणी अपस्माररुग्णेस नस्य देऊन झटका "उतरवणे" हा शास्त्रालाही मान्य नसलेला उद्योग आहे. कांदा वा चप्पल हुंगवण्याविषयी तर बोलायलाच नको. झटका आला तर कुशीवर वळवावे, दातांत काही कोंबू नये, पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला दूरध्वनी करावा.

शोधन नाही, तर शमन द्यावे, असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही वाटत असे. काही वर्षांपूर्वी फेनिटॉइन घेत असलेली एक गर्भिणी आमच्याकडे आली. झोप लागत नाही, मन बावरते, असे म्हणाली. शंखपुष्पी मेध्य, सौम्य, गर्भिणीस निर्भय, ह्या समजुतीने आम्ही शंखपुष्पीचे सरबत महिनाभरासाठी दिले. तिसऱ्या आठवड्यात, दोन वर्षे बंद असलेला झटका तिला पुन्हा आला. गोळी तिने एकदाही चुकवली नव्हती. सुदैवाने ती खाटेवर होती. नंतर शोध घेता समजले की ही गोष्ट मुंबईत फार पूर्वी नोंदली गेली होती. परळच्या केईएम रुग्णालयाशी संलग्न सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९२ साली लिहिले होते, की शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदीय सरबत घेऊ लागल्यावर फेनिटॉइनवरील दोन रुग्णांचे झटके परत आले. आणि उंदरांवरील प्रयोगांत दोन्ही सतत एकत्र दिल्यास फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाणही घटले व झटकारोधक गुणही. तो निबंध आम्ही पदवी घेण्यापूर्वीच प्रसिद्ध झाला होता. आमच्या अभ्यासात तो नव्हता, हे खरे. पण चिठ्ठीवर सही आमची होती.

मिरी-पिंपळीचे कार्य उलट दिशेने चालते. पिपरीन आतड्यांतून शोषण वाढवते व यकृतातील विघटन मंदावते. त्याने फेनिटॉइनचे रक्तप्रमाण वाढल्याचे भारतीय संशोधकांनी रुग्णांत दाखवले आहे. फेनिटॉइनची सुरक्षित पातळी आणि विषारी पातळी ह्यांत अंतर थोडे. प्रमाण जरा चढले की तोल जाणे, डोळे फिरणे, शब्द अडखळणे सुरू होते. त्रिकटूचे योग आपण चुटकीसरशी देतो, म्हणून हे ध्यानी असावे. सारस्वतारिष्टात पिप्पली आहे, वचा आहे, आणि आसव-अरिष्टातील स्वयंजनित मद्यांशही आहे. गर्भिणीस तो मेध्य म्हणून देणे आम्ही बंद केले आहे.

रसकल्पांविषयी बोलताना काहींना राग येईल. तरी बोलणे भाग आहे. स्मृतिसागर रसात पारद, हरताळ, मनःशिला आहेत. गर्भपाल रस तर नावानेच गर्भिणीचा, पण त्याच्या पाठात हिंगुळ व नागभस्म आहे. शास्त्रोक्त शोधन-मारण झालेल्या भस्माविषयी आपली परंपरा काय म्हणते हे आम्ही जाणतो. बाजारातील डबीत ते तसे झालेले आहे की नाही, हे मात्र आपल्यापैकी कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. न्यू यॉर्क शहरात २०११-१२ मध्ये सहा गर्भिणींच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले आणि कारण निघाले भारतातून आलेली आयुर्वेदीय औषधे. शिसे वार ओलांडून गर्भाच्या मेंदूपर्यंत जाते. मातेच्या मेंदूस आधीच विकार आहे, तिला एक औषध चालूच आहे, त्यात हा तिसरा भार घालण्याचे कारण आम्हास दिसत नाही. ई-१ अनुसूचीतील द्रव्ये असलेल्या कल्पावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. गल्ल्यावर विकताना ती वाचली जात नाही.

आणि शेवटी त्या पुड्या. "मिरगी मुळापासून बरी" म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावी चूर्णांच्या तपासणीत फेनोबार्बिटोन वा फेनिटॉइन मिसळलेले सापडल्याच्या नोंदी आपल्या देशात झाल्या आहेत. गर्भिणी समजते की आपण वनस्पती घेत आहोत. प्रत्यक्षात ती व्यंगाचा धोका असलेले औषध, न मोजलेल्या मात्रेत, घेत असते. पुडी संपली की तेच औषध एकाएकी बंद होते आणि झटके उसळतात; मग लोक म्हणतात, पाहा, आयुर्वेद थांबवला म्हणून त्रास झाला! अपस्मार बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे. अशी पुडी कोणी दुकानात ठेवण्यास आणून दिली तर ती नाकारणे हे धर्माचेही आहे आणि शहाणपणाचेही.

मग वैद्याने करावे तरी काय? आमच्या मते पुष्कळ. उलट्या आटोक्यात ठेवणे हे पहिले, कारण गोळीच उलटून पडली तर तिचा उपयोग नाही. झोप सांभाळणे. चातुर्मासातील निरंकार उपवास सोडवणे. वैद्याच्या शब्दाने सासू जे ऐकते ते तज्ज्ञाच्या शब्दाने ऐकत नाही. मासानुमासिक दूध, तूप, मधुर आहार. आणि अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बाळाच्या व्यंगाची सोनोग्राफी झाली की नाही हे विचारणे.

सातव्या महिन्यात आमच्याकडील मुलगी माहेरी जाते. औषधाच्या दृष्टीने हा कठीण काळ. लॅमोट्रिजिनचे रक्तातील प्रमाण गर्भारपणात निम्म्यापर्यंतही उतरू शकते, तज्ज्ञ मात्रा वाढवत असतो. नेमके तेव्हाच गाव बदलते, दुकान बदलते. नव्या दुकानात ते नाव नसते, म्हणून "हेच आहे, घ्या" म्हणून दुसऱ्या कंपनीची, कधी सावकाश विरघळणाऱ्या गोळीच्या जागी साधी गोळी दिली जाते. माहेरी जाताना तीन महिन्यांचा साठा व कागदाची प्रत सोबत द्यावी.

अपस्माराचा इतिहास नसलेल्या गर्भिणीस विसाव्या आठवड्यानंतर प्रथमच झटका आला तर तो अपस्मार समजू नये. रक्तदाब पाहावा. हा गर्भाक्षेपक असतो, त्याचे औषध मॅग्नेशियम सल्फेट, आणि ठिकाण रुग्णालय. येथे घटका दवडू नये.

प्रसूतीनंतर दोन गोष्टी उलटतात. वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर लॅमोट्रिजिनची विषबाधा होऊ शकते, म्हणून पहिल्या दिवसांतच तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. आणि तान्ह्याच्या रडण्याने झोप मोडते, तिने झटका येतो. रात्रीचे एक दूध घरातील दुसऱ्या कोणी पाजण्याची सोय असावी. स्तनपान बंद करण्याचे कारण नाही. फेनोबार्बिटोन घेणाऱ्या मातेचे बाळ फार सुस्त वाटले, दूध ओढेनासे झाले, तर दाखवावे. जन्मताच बाळास 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिळाले की नाही तेही पाहावे.

चरकाने अपस्मारी मनुष्यास पाणी, अग्नी, वृक्ष, डोंगर ह्यांपासून जपावे असे सांगितले आहे. आमच्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी असते आणि शेजारी कढत पाण्याचे घंगाळ. अपस्मार असलेल्या बाळंतिणीच्या खोलीत शेगडी नको. शेक हवाच तर दुसऱ्याने समोर बसून द्यावा. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणे तिने एकटीने करू नये. अंथरूण जमिनीवर असावे.

त्या मुलीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. आम्ही गोळी चालू ठेवण्यास सांगितले, फॉलिक आम्ल दिले, आणि तिच्या संमतीने त्याच दिवशी सासूबाईंना आत बोलावले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आधी सांगतलं असतं तं अकोल्याले मीच नेलं असतं." नेलेही. तज्ज्ञाने मात्रा उतरवली व पुढे औषध बदलले. मुलगा झाला, अंगाने निर्दोष. तो आता अडीच वर्षांचा आहे. मोजके शब्द बोलतो, वयाच्या मानाने थोडे कमी. त्याची विकासाची तपासणी चालू आहे. गेल्या महिन्यात दोघी पुन्हा आल्या होत्या, दुसऱ्या मुलाचा विचार आहे म्हणून. तांबी अद्याप काढलेली नाही. आम्ही अकोल्याच्या तज्ज्ञाच्या नावे पत्र लिहून दिले आहे.